पुरुष, पोरं आणि समानता: परत परत विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी स्त्री-पुरुष समानतेवर पुरुषांचे आणि शाळा-कॉलेजातल्या मुलांचे ग्रुप घेतो. सेशनमध्ये हात वर करून विचारलेले प्रश्न वेगळे असतात, आणि सगळे गेल्यावर दारात घुटमळत, मोबाइलशी चाळा करत "एक विचारू का" म्हणून येणारे प्रश्न वेगळे. खाली जास्त करून दुसऱ्या प्रकारचे आहेत. उत्तरं लहान-मोठी झालीयेत कारण काही गोष्टी दोन ओळीत संपतात आणि काही माझ्याच डोक्यात अजून संपलेल्या नाहीत.

हा बायकांचा विषय आहे ना? मग पुरुषांना कशाला ओढताय यात?

कारण अर्धी गोष्ट आपल्याकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण दर ३ बायकांमागे १ बाई आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसते, आणि ती करणारा बहुतेक वेळा घरातलाच, म्हणजे नवरा किंवा जोडीदार असतो. आता बघा, वर्षानुवर्षं काय चाललं होतं, की ट्रेनिंग बाईला, हक्कांची माहिती बाईला, हेल्पलाइनचा नंबर बाईला, आणि हे सगळं घेऊन ती परत त्याच घरात जाणार जिथे कोणाशी कोणी एक अक्षर बोललेलं नाहीये. तिने बदलायचं, आणि घर मात्र होतं तसंच.

ही आत्ताची फॅशन पण नाहीये. १९९४ च्या कैरोच्या लोकसंख्या परिषदेत पुरुषांच्या जबाबदारीवर स्पष्ट लिहिलं गेलं, १९९५ ला बीजिंगच्या महिला परिषदेत ते पुन्हा आलं, आणि २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगाने तर पुरुष आणि मुलग्यांची भूमिका हाच विषय घेतला. आणि हो, हे सगळं आधी स्त्री चळवळीने रेटलं. पुरुषांना एका सकाळी जाग आली आणि त्यांनी ठरवलं, असं काही झालेलं नाही.

म्हणजे सगळे पुरुष वाईट असं म्हणताय का?

नाही. पण "मी तर कधी हात उचलला नाही" इथे विषय संपतो असंही म्हणत नाहीये. मी आजवर जेवढे पुरुष पाहिले त्यातले बहुतेक चांगलेच होते, प्रॉब्लेम एवढाच की ते गप्प होते. पाच जण बसलेत, एक जण बायकोबद्दल काहीतरी घाण बोलला, एक हसला, तिघं मोबाइल बघायला लागले. त्या बोलणाऱ्याला काय वाटलं असेल? की पाचही जण आपल्या बाजूचे आहेत. या पानावर जे काही आहे ते मुख्यतः त्या तिघांसाठी आहे.

टॉक्सिक मॅस्क्युलिनिटी म्हणजे नक्की काय? आणि मग हेल्दी म्हणजे काय असतं?

मर्दानगीच्या नावाखाली स्वतःला आणि दुसऱ्यांना त्रास देणाऱ्या सवयी, त्यांना टॉक्सिक म्हणतात. पण पहिलं सांगतो, मी मुलांसमोर "टॉक्सिक" हा शब्द वापरायचा बंद केलाय. शब्द चुकीचा आहे म्हणून नाही. पण तो ऐकला की समोरचा पोरगा मान खाली घालतो किंवा फिस्कन हसतो, आणि दोन्हीचा अर्थ एकच, दुकान बंद. मर्दानगी म्हणजेच विष असं त्याला ऐकू जातं, आपण त्यातल्या ठराविक सवयींबद्दल बोलतोय हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

त्यापेक्षा एक खेळ घेतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये पुरुषांच्या एका गटाने तो वापरायला सुरुवात केली आणि आता जगभर चालतो. फळ्यावर मोठी चौकट काढायची आणि विचारायचं, "मर्दासारखा वाग" असं कोणी म्हटलं तर म्हणजे कसं वागायचं? पोरं धडाधड सांगतात, रडायचं नाही, घाबरायचं नाही, मार खाऊन यायचं नाही, पैसा कमवायचा, पोरगी पटवायची, कोणाचं ऐकून घ्यायचं नाही. सगळं चौकटीत लिहायचं. मग विचारायचं, यातलं एखादं केलं नाही तर लोक काय म्हणतात? आधी खी खी होते, मग शब्द यायला लागतात: बायल्या, भित्रा, रडका, बायकोच्या ताटाखालचं मांजर, आणि काही असे की मी इथे लिहीत नाही. ते चौकटीच्या बाहेर लिहायचे. आणि मग शांतपणे विचारायचं, या बाहेरच्या शब्दांमध्ये सारखं काय आहे?

एकदा आठवीतल्या एका पोराने, जो सगळा वेळ मागच्या बाकावर बाजूच्याशी कुजबुजत होता, तो एकदम म्हणाला, "सर, सगळ्यांचा अर्थ मुलगीच होतो." वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्याच्यावर मी काहीही बोललो नाही, गरज नव्हती. मुलांना चौकटीत कोंबण्यासाठी वापरली जाणारी काठी म्हणजे मुलीचा अपमान, हे मी एक तास लेक्चर देऊन सांगू शकलो नसतो.

हेल्दी म्हणजे काय तर माझं साधं उत्तर असं की चौकटीतून हवं ते घ्यावं आणि नको ते सोडावं, आणि सोडल्याची शिक्षा होऊ नये. धाडस, कष्ट, घरच्यांची काळजी घेणं, यात वाईट काय आहे? काहीच नाही, फक्त हे गुण पुरुषांच्या मालकीचे नाहीत. समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी १९८० च्या दशकापासून हेच मांडलं की मर्दानगी एक नसते, अनेक असतात, आणि त्यातली एक सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली असते. म्हणून मला "आदर्श नवा पुरुष" वगैरे भाषेची पण भीती वाटते. जुनी चौकट पुसून नवीन चौकट काढली तर पोरगं परत आतच.

यात पुरुषांचा काय फायदा?

आहे, आणि छोटा नाहीये. जगभरात आत्महत्येने मरणाऱ्यांमध्ये पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून जास्त आहे. सरासरी आयुष्य बायकांपेक्षा काही वर्षांनी कमी. यामागे शरीराची कारणं आहेतच, पण दारू, सिगरेट, बेफाम गाडी, छातीत दुखतंय तरी "काही नाही, गॅस झाला असेल" म्हणून डॉक्टरकडे न जाणं, हे पण आहे. मन मोकळं करायला माणूसच नाही असं सांगणारे पुरुष माझ्या ग्रुपमध्ये दर वेळी निघतात. मित्र भरपूर, रोज भेटतात, आणि एकाला पण माहीत नसतं की याला सहा महिने झोप लागत नाहीये.

पण फक्त फायदा दाखवून हे विकायचं हे मला पटत नाही. खरं सांगायचं तर काही गोष्टी जाणार आहेत. आयतं मिळणारं काम जाणार, शेवटचा शब्द आपला हे जाणार, आपण बोलत असताना कोणी मध्ये बोलत नाही ही सवय जाणार. हे लपवून "तुमचा पण फायदाच आहे हो" म्हटलं तर माणूस घरी जातो, पहिलाच तोटा दिसतो आणि परत येत नाही.

मी घरात मदत करतो. अजून काय पाहिजे?

"मदत" या शब्दावरच माझं अडतं. मदत आपण दुसऱ्याच्या कामाला करतो. शेजाऱ्याचं सामान उचलून दिलं तर ती मदत. स्वतःचे कपडे धुतले, स्वतःच्या पोराला अंघोळ घातली तर ती कसली मदत?

आकडा हवा असेल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी घरकाम आणि सांभाळायच्या कामाच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के बायका करतात, म्हणजे पुरुषांच्या तिपटीहून जास्त. आणि तासात तरी हे मोजता येतं. मोजता न येणारं आहे ते म्हणजे लक्षात ठेवणं. साबण संपत आलाय, पोराचे बूट लहान झालेत, सासूबाईंच्या गोळ्या सोमवारपर्यंतच पुरतील, हे सगळं एकाच डोक्यात फिरत असतं.

आमच्या ग्रुपमध्ये एका दादांनी जाहीर केलं की मुलीचं लसीकरण इथून पुढे माझ्याकडे. टाळ्या पडल्या. पुढच्या वेळी आले ते जरा खजील होऊन. झालं काय, की ते गेले खरे, पण तिथून बायकोला चार फोन. कार्ड कुठे आहे? कुठली लस, किती नंबरची? मागच्या वेळी ताप आला होता का? ती डायपर कुठल्या बॅगेत? चौथ्या फोनला बायको ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, ती म्हणाली, "मग मीच गेले असते ना." त्यांना राग आला, एवढं करून ऐकून घ्यायचं. मग ग्रुपमधलेच एक वयस्कर काका म्हणाले, "तुम्ही हात नेलेत हो, डोकं तिचंच वापरलंत." हे वाक्य मी तेव्हापासून सगळीकडे वापरतो, काकांना सांगून.

तेव्हा अजून काय पाहिजे, तर एक काम पूर्ण घ्या, लक्षात ठेवण्यापासून ते संपेपर्यंत. आणि पहिले काही महिने ते तुमच्याकडून वाईट होणार, होऊ द्या. घरच्यांनी पण "सरक, मी करते" म्हणू नये, हे कठीण आहे हे मला माहितीये.

सुट्टीच मिळत नाही तर बाप करणार काय?

बरोबर, सगळं मनावर सोडून चालत नाही, नियम पण लागतात. स्वीडनने १९७४ मध्ये आईची बाळंतपणाची रजा बदलून ती आईबाप दोघांना वाटून घेता येईल अशी केली. छान वाटलं सगळ्यांना, पण घेतली कोणी? आयांनीच. मग १९९३ मध्ये नॉर्वेने शक्कल लढवली, चार आठवडे फक्त बापासाठी, त्याने नाही घेतले तर बुडाले, आईला पण देता येणार नाहीत. त्याआधी तिथे रजा घेणारे बाप अगदी हाताच्या बोटावर मोजण्याइतके होते, आणि काही वर्षांत बहुतेक बाप ती घ्यायला लागले. पुरुष तेच होते, बॉसला सांगायला कारण मिळालं. आइसलँडने २००० च्या कायद्यात तीन महिने आईचे, तीन बापाचे, तीन दोघांत वाटायचे असं केलं. "पुरुषांना आवडच नसते" म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो.

मुलांशी कोणत्या वयापासून बोलायचं?

तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा लवकर. १५ देशांतल्या १० ते १४ वयाच्या मुलामुलींशी बोलून केलेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात दिसलं की देश कुठलाही असो, दहा-अकराव्या वर्षापर्यंत मुलगा म्हणजे मजबूत आणि मोकळा, मुलगी म्हणजे नाजूक आणि सांभाळायची वस्तू, हे मुलांच्या डोक्यात बसायला लागलेलं असतं. कोणी मुद्दाम शिकवत नाही, बघून बघून बसतं. त्यामुळे "बोलायचं कधी" हा प्रश्न थोडा चुकतोच, घरात ताट कोण उचलतं ते बघून तुमचं बोलणं आधीच झालेलं असतं.

मुलगा रडायला लागला की मला कसंतरी होतं, तोंडातून निघून जातं "मुलीसारखा काय रडतोस". मग काय म्हणू?

काही म्हणू नका. बाजूला बसा. थांबला की विचारा काय झालं. निघूनच गेलं तोंडातून तर नंतर सांगा की मी चुकीचं बोललो. बाप चूक मान्य करतो हे मुलाने बघणं लाख मोलाचं.

मित्रांच्या ग्रुपवर घाणेरडे जोक, बायकांचे फोटो येतात. काही बोललं तर मीच शहाणा ठरतो.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आधी माझंच सांगतो. पंधरा एक वर्षांपूर्वी, म्हणजे मी या कामात आलो होतो तेव्हा, माझ्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आमच्याच ओळखीतल्या एका मुलीचा फोटो आणि त्याखाली अशी कमेंट आली की वाचून कान गरम झाले. मी तेव्हा बाहेर लोकांना समानता शिकवत फिरत होतो. आणि तिथे मी काय केलं? ग्रुप म्यूट केला. दोन दिवसांनी दुसऱ्या मित्राने मला वेगळा मेसेज केला, "यार तुला पण ते बरोबर वाटलं का? मला वाटलं तू तरी बोलशील." म्हणजे तो माझी वाट बघत होता, मी कोणाचीच बघत नव्हतो. अजून आठवलं की लाज वाटते.

पण त्यातून एक गोष्ट कळली जी पुढे वाचनात पण सापडली. पुरुषांना नेहमी वाटतं की बाकीच्या पुरुषांना हे चालतंय, आपल्यालाच खटकतंय. प्रत्यक्षात खटकणारे बरेच असतात, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून गप्प असतो. त्यामुळे पहिला बोलणारा हा कधीच वाटतो तेवढा एकटा नसतो.

आता करायचं काय. सगळ्यांसमोर लांबलचक भाषण टाकायचं नाही, त्याने समोरचा हट्टाला पेटतो आणि बाकीचे मजा बघतात. जोक असेल तर मी विचारतो, "कळला नाही, समजावून सांग ना." ऐकायला येडचाप वाटतं पण जोक समजावून सांगताना माणसाला स्वतःलाच तो कसा आहे ते दिसतं, आणि पुढच्या वेळी तो तुमच्यासमोर टाकताना दोनदा विचार करतो. कधी नुसतं "हे नको रे इथे" पुरतं. जवळचा मित्र असेल तर एकट्यात, फोनवर, आणि "तू असा आहेस" असं नाही, "तुझं ते वाक्य मला नाही आवडलं" असं. आणि आधी एखाद्या साथीदाराला सांगून ठेवा, की मी बोललो की तू मागे एक ओळ टाक. दोन जण झाले की वातावरण पालटतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पैज लावायला तयार आहे.

एक मात्र. कोणाचा खाजगी फोटो तिच्या परवानगीशिवाय फिरत असेल तर तो जोकचा विषय राहत नाही, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे. तिथे गोड बोलत बसू नका. फॉरवर्ड करू नका, काढायला लावा, आणि तिला कळवा. काय करायचं ते तिला ठरवू द्या.

रस्त्यात किंवा गर्दीत कोणी बाईला त्रास देत असेल तर मध्ये पडायचं का?

पडायचं, पण सिनेमातल्यासारखं नाही. मुलांना मध्ये पडणं म्हणजे कॉलर धरणं एवढंच माहीत असतं, मग एक तर मारामारी होते नाहीतर भीतीने काहीच होत नाही. मधले रस्ते असतात. तिला जाऊन वेळ विचारा, पत्ता विचारा, तिच्या आणि त्याच्या मध्ये नुसते उभे राहा. कंडक्टर, वॉचमन, जो कोणी जबाबदार असेल त्याला बोलवा. नंतर तिला विचारा की ठीक आहेस का, काही हवंय का. आणि ती म्हणाली नको, तर नको. "मी वाचवलं" हा आव घरी ठेवून यायचा.

माझा १५ वर्षांचा मुलगा ऑनलाइन त्या "अल्फा" वाल्या, म्हणजे खरा मर्द सगळ्यांवर हुकूम गाजवतो असं शिकवणाऱ्या लोकांना ऐकतो आणि बहिणीशी तसंच बोलायला लागलाय.

मोबाइल काढून घेतला तर तो मित्राच्या मोबाइलवर बघेल. चेष्टा केली तर अजून चिकटेल, कारण त्या व्हिडिओत नेमकं हेच सांगतात की घरचे तुला समजून घेणार नाहीत.

ती माणसं हुशार असतात. सुरुवात बायकांना शिव्या घालून करत नाहीत. व्यायाम कर, लवकर ऊठ, पैसे कमव, स्वतःला सावर, असं सांगतात, आणि एकट्या पडलेल्या पोराला पहिल्यांदाच कोणीतरी मोठा पुरुष "तू करू शकतोस" म्हणत असतो. द्वेष नंतर, हळूहळू, त्याच ताटात वाढला जातो. त्यामुळे त्याच्या बाजूला बसून एक पूर्ण व्हिडिओ बघा, तोंड वाकडं न करता. त्याला विचारा यातलं तुला काय आवडतं. आणि मग सहज विचारा, हा माणूस विकतोय काय? कारण शेवटी कोर्स नाहीतर मेंबरशिप निघतेच. पोरांना कोणी वापरून घेतंय हे कळलं की जाम राग येतो, तो राग कामाचा आहे.

बहिणीशी उद्धट बोलला तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. समजून घेणं म्हणजे तिला ऐकून घ्यायला लावणं नव्हे.

आणि पुरुषांवर अन्याय होतो त्याचं काय? त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

होतो. लहान मुलग्यांवर लैंगिक अत्याचार होतात, पुरुषांना घरात मार बसतो, ते वर्षानुवर्षं सांगत नाहीत, कारण सांगितलं तर लोक हसतील. म्हणजे बघा, त्यांचा गळा आवळते ती तीच चौकट जी फळ्यावर काढली होती. आमच्या ग्रुपमध्ये एका पन्नाशीच्या माणसाने वयाच्या नवव्या वर्षी झालेली गोष्ट पहिल्यांदा सांगितली, तेव्हा खोलीत बाकीचे दहा पुरुष होते आणि कोणी पाण्याच्या बाटलीला पण हात लावला नाही.

पण माझं निरीक्षण सांगतो, वाईट वाटलं तरी. हा प्रश्न बहुतेक वेळा एखादी बाई स्वतःचं काही सांगत असते तेव्हाच विचारला जातो. एरवी वर्षभर विचारणारा या पुरुषांसाठी काही करताना दिसत नाही. तुम्हाला मनापासून तळमळ असेल तर या, त्या विषयावर काम करायला माणसं हवीच आहेत. तिचं तोंड बंद करायला तो विषय वापरू नका, एवढंच.

फिती लावून, शपथा घेऊन, असल्या प्रोग्रॅमनी खरंच कोणी बदलतं का?

फितीने कोणी बदलत नाही. पण फीत आली कुठून हे माहीत असावं. ६ डिसेंबर १९८९ ला कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एक माणूस इंजिनीअरिंग कॉलेजात बंदूक घेऊन शिरला, मुलग्यांना वेगळं काढलं आणि १४ बायकांना ठार मारलं, स्त्रीवाद्यांचा राग आहे म्हणून. १९९१ मध्ये तिथल्या काही पुरुषांनी पांढरी फीत लावायला सुरुवात केली, वचन असं की बायकांवर हिंसा करणार नाही, तिचं समर्थन करणार नाही आणि ती बघून गप्प बसणार नाही. तिसरं वचन सगळ्यात जड आहे आणि फोटो काढताना तेच विसरलं जातं.

प्रोग्रॅमचं म्हणाल तर सरसकट हो पण नाही आणि नाही पण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये असे ५८ उपक्रम तपासले, त्यातले २९ टक्के प्रभावी, ३८ टक्के आशादायक, उरलेल्यांचं काही सांगता येत नाही असं निघालं. जे नुसतं माहिती देत होते त्यांच्यापेक्षा ज्यांनी मर्दानगीच्या कल्पनेलाच हात घातला ते सरस ठरले. दक्षिण आफ्रिकेत "स्टेपिंग स्टोन्स" नावाचा कोर्स एचआयव्ही कमी व्हावा म्हणून गावागावात घेतला, २००८ मध्ये निकाल आला, एचआयव्ही काही फारसा घटला नाही पण पुरुषांनी जोडीदारावर हिंसा केल्याचं प्रमाण दोन वर्षांनी कमी दिसलं. रवांडात "बंदेबेरेहो" म्हणून आहे, तरुण बापांचा ग्रुप, १५ सेशन, त्यातल्या आठांना जोडीदार पण येते. २०१८ मध्ये आलेल्या निकालानुसार २१ महिन्यांनंतर बायकांनीच सांगितलं की मारहाण कमी आहे. मला हे जास्त पटतं, कारण पुरुषाला विचारलं तर तो सुधारलेलाच असतो.

यात समान काय तर वेळ. आठवडेच्या आठवडे, तीच माणसं, तीच खोली. मला अजूनही फोन येतात, "सर एक तासाचं लेक्चर द्या, तीनशे मुलं बसवतो." मी आता नाही म्हणतो. तीस द्या आणि दहा वेळा द्या.

पुरुषांना स्टेज दिलं की बायकांचा आवाज परत दबत नाही का?

दबतो. मी स्वतः अनुभवलंय. एका कार्यक्रमात आमच्या एक ताई, ज्यांनी वीस वर्षं मार खाल्लेल्या बायकांबरोबर कोर्टकचेऱ्या केल्यात, त्या आधी बोलल्या. मग मी दहा मिनिटं बोललो, जवळजवळ तेच, मीही त्यांच्याकडूनच शिकलोय. टाळ्या मला जास्त. नंतर लोक माझ्याभोवती, "किती वेगळे पुरुष आहात हो तुम्ही". ताई लांब उभ्या राहून हसत होत्या, ते हसू मला नीट कळलं.

बाप पोराला कडेवर घेऊन निघाला तरी लोक कौतुक करतात, आई रोज नेते तिला कोण बघतं? हा बोनस आपल्याला फुकट मिळतो, तो खिशात घालायचा नाही. मी आता काही गोष्टी पाळतो. बायकांच्या संघटनेचा फंड तोडून पुरुषांच्या कामाला मिळणार असेल तर घेत नाही. ग्रुपमध्ये काय चाललंय ते अशा बायकांना दाखवतो ज्या मला तोंडावर "हे चूक आहे" म्हणू शकतात. आणि आधी कोण बोललं होतं त्यांचं नाव घेऊन बोलतो. पुरुषांबरोबर काम करणाऱ्या संस्थांची "मेनएंगेज" ही जागतिक आघाडी २००४ पासून आहे, तिच्यातही स्त्री चळवळीला जाब देण्याचा मुद्दा सतत निघतो, आणि निघायलाच पाहिजे.

माझ्या हातून मारहाण झालीये. आता असल्या ग्रुपमध्ये मला जागा आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्याचे हात बहुतेक थरथरत असतात, म्हणून नीट उत्तर देतो.

जागा आहे, पण आधी तिची सुरक्षितता. ती वेगळी राहायचं म्हणत असेल तर राहू द्या, माफीसाठी मागे लागू नका, "मी आता ग्रुपला जातो" हे तिला परत बोलवायचं तिकीट म्हणून वापरू नका. आणि "मला राग आवरत नाही" हे कारण स्वतःला देऊ नका. बॉसवर राग येतो तेव्हा आवरतो ना? पोलिसासमोर आवरतो ना? म्हणजे आवरता येतो, घरात आवरायची गरज वाटत नाही. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंसा करणाऱ्या पुरुषांसाठी कार्यक्रम सुरू झाला, त्याचा पाया हाच की हा रागाचा आजार नाही, हा ताब्यात ठेवण्याचा प्रकार आहे. शक्य असेल तर खास यासाठी शिकलेल्या माणसाकडे जा, आमच्यासारख्या साध्या ग्रुपवर भागवू नका. कायद्याचं जे काही असेल ते चुकवू नका.

आम्हाला असा ग्रुप सुरू करायचाय. किती माणसं, काय तयारी?

सात-आठ पुरेत. बाराच्या वर गेलात की दोन जण बोलतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. जागा अशी बघा जिथे मधूनच कोणी डोकावणार नाही. दर वेळी तोच वार, तीच वेळ, आणि दोघंच आले तरी घ्या. पहिल्या दिवशी समानता वगैरे शब्द काढू नका, "तुमच्या वडिलांनी तुम्हाला शेवटचं कधी जवळ घेतलं होतं" एवढा एकच प्रश्न ठेवा आणि गप्प बसायची तयारी ठेवा, पहिली दहा मिनिटं कोणी बोलणार नाही. खुर्च्या गोल लावा आणि शेवटी उचलून ठेवायच्या पण सगळ्यांनी मिळून, नाहीतर त्या आवरायला कोणीतरी बाई येते.